चाळीसगावच्या पुरात आधी चारा पोचवणारं मंडळ

मंडळाचं नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय. चाळीसगावात कोणालाही विचारा, पत्ता मिळेल. पूर आला की ओळखीचे लोक मला विचारतात, पैसे द्यायचे तर कोणाला? माझं उत्तर ठरलेलं आहे: यांना.

31 ऑगस्ट 2021 च्या पहाटेपर्यंत कन्नड घाटाच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या फुगल्या. शहरातल्या दुकानांत पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नदीकाठच्या खेड्यांत मात्र दावणीची जनावरं दाव्यासकट गेली, कपाशी आडवी झाली, काही शेतांत तर माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. घाटात दरडी कोसळलेल्या, औरंगाबादकडचा रस्ता बंद. आणि पोळा सहा दिवसांवर.

मदत भरपूर आली, पण त्यात जुन्या कपड्यांची गाठोडीच जास्त. या मंडळाची पोरं मात्र रिकाम्या हाताने, नुसती वही घेऊन आली आणि घरोघर विचारत फिरली, काय पाहिजे? आमचे नाना म्हणाले, "आम्हले कपडा नको भाऊ, ढोरेसले चारा पाह्यजे." आमच्या गोठ्यातला कडबा भिजून काळा पडला होता, आंबूस वास मारत होता, बैल त्याला तोंड लावत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. कुट्टीची पोती, सरकी ढेप आणि गुरांचा डॉक्टर सोबत. आमच्याकडे त्या वर्षी पोळ्याला मिरवणूक नव्हती, पण वाचलेल्या बैलांच्या पुढ्यात चारा होता.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांचं कागदाचं काम. दुभती गाय-म्हैस दगावली तर तेव्हा सरकारी मदत 30,000 रुपये होती, पण पंचनामा झाला तरच. चुलतभावाची म्हैस गाळात रुतलेली सापडली. मंडळातल्या एका मुलाने चिखलात गुडघे टेकून आधी तिच्या कानातला बिल्ला पुसला, नंबर दिसेल असा फोटो काढला, मग तलाठी येईपर्यंत कोणाला तिला हलवू दिलं नाही. अर्ज त्यानेच भरून दिला. अशा वेळी घरच्या माणसाला काही सुचत नसतं हो, त्याच्या शेजारी असं कोणी बसावं लागतं.

गणपती 10 सप्टेंबरला बसले. यांनी आरास केली नाही, वर्गणी पूरग्रस्तांकडे वळवली. प्रत्येक रुपयाची पावती. खर्चाचा कागद गावच्या फलकावर लावला, त्यात टेम्पोच्या डिझेलचा आकडासुद्धा होता.

एक गोष्ट चुकली. पहिली यादी त्यांनी सातबाऱ्यावरून केली. त्यामुळे ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ते शेतमजूर आणि शेळ्या पाळून जगणाऱ्या बायाबापड्या पहिल्या वाटपात सुटल्या. त्यांना तेच पुन्हा मागायला यावं लागलं, हे मला फार लागलं आणि मी मंडळात जाऊन तसं बोललेही. त्यांनी वाद घातला नाही. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना बरोबर घेऊन यादी नव्याने केली, शेळ्यांची नोंद घेतली. आता कुठेही गेले तरी यादीची सुरुवात शेतमजुरांच्या वस्तीपासूनच करतात.

फोटो काढणारे निघून गेल्यावरही हे येत राहिले. रब्बीला हरभऱ्याचं बियाणं दिलं, खरडलेल्या दोन शेतांत गाळमाती टाकून दिली.

देणगी द्यायची असेल तर बँकेतून द्या. आयकर सवलतीसाठीची पावती देतात, पण 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेत तर करात सवलत बसत नाही. चारा द्यायचा असेल तर आधी फोन करून कुठल्या गावाला कमी आहे ते विचारा, टेम्पो तेच पाठवतात. जुने कपडे नेऊ नका, घेत नाहीत.