घरच्या शेडसाठी स्वस्त पोर्टेबल बॅन्डसॉ : वापरून झाल्यावरचं मत

पोर्टेबल बॅन्डसॉ, म्हणजे दातांची पट्टी गोल फिरवून लोखंड कापणारी, उचलता येणारी करवत घ्यायला निघाला असाल, तर डब्यावरचे वॅट नंतर वाचा, आधी ब्लेडची लांबी विचारा. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानात मशीन दाखवणारा मुलगा फिरून फिरून वॅटवरच येत होता. "मॅडम, अकराशे वॅट आहे ना, लोण्यासारखं कापते." कापत असेल. पण आतलं ब्लेड बोथट झालं की दुसरं कुठे मिळेल, हे विचारल्यावर तो मालकाकडे बघायला लागला आणि मालक मोबाइलकडे.

या जातीच्या मोठ्या मशीनला ११४० मिमी लांब, १३ मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड ब्लेड लागतं. हे चालू माप आहे, चार कंपन्यांचं मिळतं. छोट्या मशीनना ८३५ किंवा ७३० मिमीचं लागतं. त्यांनी साधारण अडीच इंचापर्यंतच कापता येतं, पण घरगुती कामाला तेही पुष्कळ. भानगड आहे ती अधल्यामधल्या मापांची. अशा मशीनचं ब्लेड फक्त विकणाऱ्याकडेच मिळतं आणि पुढच्या वर्षी तो ते मशीन विकत असेलच असं नाही. हिंगणा एमआयडीसीकडून पट्टी तोडून, टोकं वेल्ड करून ब्लेड जोडून आणू म्हणाल, तर कारखान्यांतली मोठी बॅन्डसॉ २७ किंवा ३४ मिमी रुंद ब्लेडवर चालतात. तुमच्या १३ मिमीच्या पट्टीसाठी कोणी पट्टीची अख्खी कॉइल उघडणार नाही.

वॅटबद्दल एवढंच सांगते की मकिताचं ११४० मिमी ब्लेडचं मशीन ७१० वॅटवर १२० मिमीचा गोल गज कापतं. माझं बजेट मात्र त्याच्या जवळपासही नव्हतं. मी साडेअकरा हजारांत बिननावाचं घेतलं. बिननावाचं म्हणजे नाव आहे, पण हेच मशीन, हेच हँडल, रंग आणि स्टिकर तेवढे वेगळे, असं आणखी दोन नावांनी पाहिलं. म्हणून नाव लिहिण्यात अर्थ नाही. ब्लेड ११४० चं, वेग कमीजास्त करायचं चाक आहे, ब्लेडचा ताण सोडायचा खटका आहे. या तीन गोष्टी बघून घेतलं.

आता बॅन्डसॉच का? माझी शेड म्हणजे मानेवाड्यातल्या घरामागची पत्र्याची पडवी. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात कुंड्यांचे स्टँड, वेलींच्या जाळ्या, ओळखीपाळखीच्या लोकांचे कूलर स्टँड वेल्ड करते. आधी १४ इंची चॉप सॉ होता, घासणाऱ्या चकतीने लोखंड कापणारा. काम झपाट्याने करायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात प्रत्येक खिडकीला कूलर असतो आणि कूलरच्या तिन्ही बाजूंना वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या. सकाळी कूलर बंद असताना त्या ताट्या वाळून कडकडीत होतात. त्यांच्यापासून दहा फुटांवर ठिणग्यांचा फवारा सोडायचा म्हणजे शेजार पेटवायचीच तयारी. शिवाय घासणाऱ्या चकतीची काळी भुकटी. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरड्या वाळत होत्या, तेव्हा त्यांनी वरूनच विचारलं होतं, "काय करून राहिली वो तू खाली? सगळ्या कुरड्या काळ्या झाल्या ना!" तीच भुकटी फरशीवर पडून पाणी लागलं की नारिंगी डाग पडतात, ते वेगळंच.

बॅन्डसॉच्या ठिणग्या नाहीत. चुरा पडतो तो खाली, मशीनच्या पायाशी, आणि लोहचुंबक फिरवला की गोळा होतो. आवाज शिलाई मशीनपेक्षा जास्त, पण चॉप सॉच्या कितीतरी कमी. आई दुपारी वरच्या खोलीत झोपलेल्या असतात, त्या उठत नाहीत. कापलेलं टोक लगेच हातात घेता येतं आणि कडेला बर, म्हणजे कापताना उरणारी खरखरीत धार, इतकी कमी की कानशीचे चार हात पुरतात. चॉप सॉची चकती तीन मिमी लोखंड खाते, हे ब्लेड एक मिमीही खात नाही.

डब्यावर वेग मिनिटाला ८० मीटर लिहिला होता. माझा विश्वास नव्हता, म्हणून मोजला. ब्लेडचा वेल्ड, म्हणजे पट्टीची टोकं जोडलेली जागा, गाईडमधून (ब्लेड सरळ धरणाऱ्या बेअरिंगांमधून) जाताना बारीक टिक वाजते. मोबाइलवर रेकॉर्ड करून टिका मोजायच्या आणि १.१४ मीटरने गुणायचं. सगळ्यात वरच्या आकड्यावर मिनिटाला ६६ टिका, म्हणजे ७५ मीटर. सगळ्यात खाली ३४ टिका, म्हणजे ३९ मीटर. साध्या एम.एस.ला (माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड) वरचा वेग चालतो, स्टेनलेसला खालचाच हवा, नाहीतर दात जळतात. थोडक्यात, कंपनीने मारलेली थाप पाच मीटरची आहे. एवढं सोडून देऊ.

सोबत आलेलं ब्लेड मात्र सोडण्यासारखं नाही. साध्या कार्बन स्टीलचं होतं, एका कूलर स्टँडमध्येच दात गेले. मशीनच्या पैशांत दोन बायमेटल ब्लेडचे पैसे धरूनच चला. त्यांत पाठीला लवचीक स्प्रिंग स्टील आणि दातांना हायस्पीड स्टील असतं. एम ४२ लिहिलेलं मिळालं तर त्या दातांत आठ टक्के कोबाल्ट असतं. मला एक साडेसहाशेला पडलं.

दात किती, हा त्याहून मोठा प्रश्न. नियम असा की निदान तीन दात एका वेळी धातूत हवेत. इंचाला १४ दात म्हणजे दोन दातांमध्ये १.८ मिमी. पाच मिमी जाडीच्या, एल आकाराच्या अँगलमध्ये ते तीनही भरत नाहीत. १८ दातांचं घेतलं तर साडेतीन भरतात. पण अँगल व्हाइसमध्ये घराच्या छपरासारखा, कणा वर करून धरला की ब्लेड पाच मिमीची पट्टी ४५ अंशांत कापतं, म्हणजे त्याला ती सात मिमी लागते, आणि १४ दातांचं ब्लेडही सुरळीत चालतं. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल असा धरून जेमतेम पंचवीस सेकंदांत तुटतो. वरून दाबायचं नाही, मशीनचं वजनच पुरे. लोहाओळीतून आणलेला सोळा गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा चौकोनी पाईप असेल तर २४ दातांचं ब्लेड लावा, जाड दातांचं लावलंत तर पाईपच्या उभ्या भिंतीत दात अडकून तुटतात.

स्वस्ताईचा खरा फटका काटकोनात बसला. ५० मिमीच्या चौकोनी गजावर गुण्या लावला तर काप दीड मिमी तिरका. खालच्या गाईडचं बेअरिंग ब्लेडला नीट टेकत नव्हतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. त्याच्या चकत्या कापून बेअरिंगमागे घातल्या, तेव्हा तिरपेपणा अर्ध्या मिमीवर आला. वेल्डिंगच्या कामाला चालतं. ज्यांना लेथवर चढवायचे तुकडे हवेत त्यांनी टोकाला थोडं जास्त ठेवून कापावं. ज्यांना हा खटाटोपच नको, त्यांनी थोडे थांबून ब्रँडेड घ्यावं.

ब्लेड ज्या चाकांवर फिरतं त्यांवर रबरी टायर असतात, ते उष्णतेने खराब होतात. आमच्या पडवीत मे महिन्यात पत्र्याखाली हात ठेववत नाही, म्हणून मशीन घरातच ठेवते, आणि काम संपलं की ताणाचा खटका सोडून.

स्टँडवर उभं करून टेबलासारखं वापरायचं असेल तर स्विच केबल टायने दाबून बांधतात, तसं अजिबात करू नका. आपल्याकडे लाईट जाते आणि न सांगता येते. आली की उघडं ब्लेड आपोआप फिरायला लागतं. पायाने दाबायचा स्विच घ्या, पाय काढला की बंद. हातमोजेही ब्लेडजवळ नकोत, चष्मा मात्र हवाच.

आणि दुकानात ब्लेड घेताना वेल्डवरून, दात सोडून पाठीच्या बाजूने, बोट फिरवून बघा. तिथे पायरी लागली तर ते ब्लेड परत ठेवा. गाईडमध्ये प्रत्येक फेरीला ते उडी मारेल आणि वेल्डवरच तुटेल.