८ इंची डॉब्सोनियन: पन्नास जणांची रांग लागणार असेल तर

शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर आकाशदर्शन ठेवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, दुर्बीण कुठली घ्यायची? आमचं उत्तर ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे पेटीत बसवलेली, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. आरसा २०३ मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं) १२०० मिमी. बाजारात ती वेगवेगळ्या नावांनी मिळते, बांधा साधारण एकच. मात्र खोक्यातून काढली तशी ती रांगेपुढे टिकत नाही. थोडी डागडुजी लागते, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याच डागडुजीचं आहे.

ही मांडणी मूळची रस्त्यावरचीच. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत, तेही प्लायवूडच्या पेटीत झुलणाऱ्या नळीतून. मोटर नाही, बॅटरी नाही. एखाद्या मुलाचा धक्का लागला तर नळी हाताने परत वळवायची, झालं. मोटरवाल्या संगणकीय दुर्बिणीला असा धक्का बसला की बहुतेकदा ताऱ्यांशी जुळवणी पहिल्यापासून करावी लागते आणि रांग ताटकळते. शिवाय ७० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा हिच्यात सुमारे आठपट प्रकाश गोळा होतो. मे महिन्यात नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मुंबई-पुण्यातून दक्षिणेला २३-२४ अंशांपर्यंत चढतो. लहान दुर्बिणीत तो धुरकट गोळा दिसतो. अंधाऱ्या जागी हिच्यातून बघा, काळ्या कापडावर रवा सांडावा तसे त्याचे तारे सुटे दिसतात.

मोटर नाही म्हणून दाखवणाऱ्यावर काम वाढतं. सोबतच्या १० मिमी आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) १२० पट मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा जेमतेम २६ कलांचा (६० कला म्हणजे एक अंश). पृथ्वी फिरत असल्याने ग्रह तो पावणेदोन मिनिटांत ओलांडतो. मधोमध ठेवला तर पन्नास सेकंदांत कडेबाहेर. म्हणून ज्या कडेने तो आत येतो, तिथेच ठेवावा. प्रत्येकी २५-३० सेकंद धरली तर दोन-तीन जणांचं पाहून होतं, मग दाखवणाऱ्याने स्वतः डोळा लावून पुन्हा जागेवर आणायचा. ‘दिसला का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘शनीजवळचा ठिपका कुठल्या बाजूला आहे?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर शनी बाहेर गेलाय किंवा फोकस बिघडलाय. तो ठिपका बहुधा शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन असतो, आणि तो सापडल्यावर माणूस खरं बघायला लागतो.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे हाच १० मिमी आयपीस. त्याच्या काचेपासून सात-आठ मिमीवर डोळा न्यावा लागतो. चष्मेवाल्यांना अर्धंच चित्र दिसतं आणि बाकीच्यांच्या पापण्या काचेला घासतात. दहा-पंधरा जणांनंतर काचेवर तेलकट पापुद्रा चढतो, शनीभोवती धूसर वलय येतं, आणि दाखवणारा फोकस गेला समजून उगीच चाक फिरवत बसतो. आधी आयपीस टॉर्चखाली तिरका धरून बघावा. फुंकरीच्या पंपाने धूळ उडवावी, मग लेन्सच्या कापडाने हलकेच पुसावं. शर्टाच्या टोकाने कधीच नाही. खरा उपाय म्हणजे डोळा १५ मिमी लांब ठेवता येईल असा ८-९ मिमीचा, आकाशाचा रुंद तुकडा दाखवणारा आयपीस. नव्या खरेदीत पहिला खर्च याच्यावरच करा. ज्यांच्या चष्म्याला नुसता प्लस किंवा मायनस नंबर आहे, त्यांना तो काढून फोकस करायला सांगा. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा राहू द्या. सोबतचा २५ मिमी आयपीस मात्र उत्तम आहे. ४८ पटीत अख्खा चंद्र मावतो. शुद्ध पंचमी ते दशमी या तिथींना विवरांच्या सावल्या फार सुंदर दिसतात.

आडवं फिरवताना पेटी अडते आणि मग एकदम उडी मारते. खालच्या फळीत सनमायकावर टेफ्लॉनचे तीन तुकडे घासतात, सगळं वजन त्यांच्यावर. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून दोन-तीन चकत्या कापून मधल्या बोल्टवर घाला, म्हणजे थोडा भार तिकडे जातो आणि फिरणं लोण्यासारखं होतं. चकत्या जास्त झाल्या तर पेटी डुलते. ग्रह बरोबर डोक्यावर असताना मात्र कुठलीही युक्ती चालत नाही, कारण तिथे थोडंसं सरकवायलाही पेटी भरपूर फिरवावी लागते. गुरू मिथुनेत असतो तेव्हा आपल्याकडे जवळजवळ खमध्यातूनच जातो. तो उगवल्यावर तीनेक तासांत दाखवून घ्यावा.

घाटरस्त्याने गाडीतून नेली की आरसे हलतातच. आयपीसच्या जागी जुळवणीचा लेझर लावून ठिपका मुख्य आरशाच्या मधल्या कड्यात आणा, त्यासाठी दुय्यम आरशाचे (नळीच्या तोंडाजवळच्या लहान आरशाचे) तीन स्क्रू. मग मुख्य आरशामागच्या स्क्रूंनी परतीचा ठिपका लेझरच्या छिद्रात आणा. लॉकचे स्क्रू आवळताना जुळवणी सरकते, म्हणून पुन्हा एकदा बघा. लेझर जागेवरच गोल फिरवल्यावर ठिपकाही गोल फिरत असेल तर बहुधा लेझरच वाकडा आहे. दुर्बीण कार्यक्रमाआधी पाऊण तास उघड्यावर ठेवा, नाहीतर गरम आरशावरच्या हवेने ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा दिसतो.

लहान मुलांसाठी दोन पायऱ्यांचं स्टूल हवंच, आणि शेजारी पाठीची खुर्ची. हाताला धरायला काही नसलं की मूल आयपीसच धरतं.

पेटी भुशाच्या फळीची आहे. दवाने आणि पावसाळी ओलाव्याने कडा फुगतात, सनमायका सुटतो. आणल्याबरोबर सगळ्या कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात द्या. मैदानात पेटीच्या पायांखाली प्लायवूडचा तुकडा घाला, नाहीतर भुसभुशीत मातीत एक पाय रुततो.