प्रयोगशाळेच्या कामी आलेला कूलरचा पंप

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येते आणि ऊर्ध्वपातनाच्या (द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून गोळा करण्याच्या) प्रात्यक्षिकाला मात्र कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या काचेच्या दुहेरी नळीतून, नळ सतत वाहता ठेवावा लागतो. गेल्या वर्षी बादली लावून मोजले, तेव्हा एका कंडेन्सरमधून मिनिटाला दीड लिटर पाणी जात होते. म्हणजे पाच मांडण्या दोन तास चालल्या की नऊशे लिटर चांगले पाणी, फक्त जरासे कोमट होऊन, गटारात. पहाटे हापशीवर रांग लावून मग वर्गात येणाऱ्या मुलींच्या देखत तो नळ सोडणे मला असह्य होऊ लागले होते.

शेवटी बाजाराच्या दिवशी कूलरच्या सुट्या भागांच्या दुकानातून १८ वॉटचे तीन पंप आणले. एकेक अडीचशे रुपयांना पडला. पंप १०० लिटरच्या ड्रममध्ये बुडवायचे, नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला जोडायची आणि वरच्या तोंडातून निघणारे पाणी पुन्हा ड्रममध्ये सोडायचे, एवढीच ही व्यवस्था आहे. ड्रममधले पाणी लवकरच तापेल अशी सहकाऱ्यांना शंका होती. परंतु १०० मिलिलिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, तर १०० लिटर पाणी एका अंशाने तापायला ४१८ किलोज्यूल लागतात. त्यामुळे पाचही मांडण्यांतून प्रत्येकी तेवढे पाणी गोळा झाले तरी ड्रमचे तापमान तीनेक अंशांनीच वाढले. तिन्ही पंपांची दोन तासांची वीज युनिटच्या दहाव्या भागाएवढी होते.

उणिवा आहेत. पंपाचे तोंड जाड असल्याने कंडेन्सरची रबरी नळी त्यावर बसत नाही, मधे रिड्यूसर, म्हणजे जाड तोंडाला बारीक नळी जोडणारा तुकडा, लावावा लागतो. एका पंपावर दोन कंडेन्सर नीट चालतात, तिसरा जोडला की धार मंदावते. निर्वात गाळणीसाठी (हवा ओढून घेऊन गाळण्यासाठी) लागणारा जोर तर या पंपात नाहीच. वायर आखूड असते. तिचा जोड ड्रमपासून दूर आणि उंचावर ठेवावा आणि त्या बोर्डाला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याखेरीज हा प्रयोग करूच नये. वीज गेली तर पंप थांबतो, पण गॅसचा बर्नर जळत राहतो आणि वाफ तशीच खोलीत येते. म्हणून आम्ही ज्वलनशील द्रवांसाठी फक्त हीटिंग मँटल, म्हणजे फ्लास्कला वेढून तापवणारे विजेचे साधन, वापरतो, जे वीज गेली की पंपाबरोबरच बंद पडते. ईथर मात्र ३४.६ अंशांवर उकळते आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणीच त्याहून गरम असते, तेव्हा त्या दिवसांत ईथरचे ऊर्ध्वपातन या ड्रमवर करता येत नाही. इथेनॉलला अडचण आली नाही.

एक लाभ अनपेक्षित होता. आमचे पाणी जड, त्यामुळे कंडेन्सरच्या आत दरवर्षी क्षारांचा पांढरा थर धरायचा. आता तेच ते पाणी फिरत असल्याने यंदा काच आरपार दिसते आहे. ड्रमवर झाकण नसेल तर शेवाळ धरते. पंधरा दिवसांनी ते पाणी आम्ही आवारातल्या कडुनिंबांना घालतो आणि पंपाची जाळी लिंबूसत्वाच्या पाण्याने धुतो. एक पंप पाण्याविना चालू राहिल्याने जळाला, तो दोष आमचा होता. उरलेले दोन वर्षभर चालू आहेत आणि तिसरा मी पुन्हा त्याच दुकानातून आणला.