बाद फेरी की गट? महिला आफ्रिका चषकाची पात्रता

या फुटबॉल स्पर्धेसाठी महिलांची पात्रता दोन फेऱ्यांत होते: प्रत्येक फेरीत एक सामना घरी, एक परक्या मैदानावर, दोन्हींतल्या गोलांची बेरीज जास्त तो पुढे. पुरुषांच्या 2025च्या चषकासाठी मात्र 48 संघ, चार-चारांचे 12 गट, प्रत्येकी सहा सामने.

बाद पद्धत स्वस्त, पण निर्दयी. ऑक्टोबर 2021मध्ये पहिल्याच फेरीत घानासमोर नायजेरिया आली. नायजेरियातल्या लागोसला घानाची 0-2 हार. चार दिवसांनी घरी अक्रात 1-0 विजय, तरी बेरीज 1-2. एवढा तगडा संघ दोन सामन्यांत घरी! पुरुषांसारख्या गटात दुसरा क्रमांकही पुरला असता.

गटपद्धतीत प्रवासखर्च जास्त, हे खरंच. तरीही सामन्यांविना संघ घडत नाही. चार संघांचे छोटे गट परवडावेत.