भेग बुजवायची, पण कशाने?

अंगणातल्या कोब्याला भेग गेली किंवा पायरीची कड उडाली की हात आधी सिमेंटकडे जातो. त्याआधी भेग अजून हलते आहे का, ते बघा. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि दोन-तीन महिने थांबा. भेग रेघेच्या पुढे गेली किंवा रुंदावली, तर कुठलाही कडक माल तिथे टिकत नाही, शेजारी नवी भेग पडते. अशा भेगेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंटच लावा, ते रबरासारखं ताणलं जातं. आत फोमची दोरी दाबून वर सीलंट भरायचं, थराची जाडी भेगेच्या रुंदीच्या साधारण निम्मी.

भेग स्थिर असेल किंवा नुसता खळगा असेल, तर खरी निवड दोन मालांत आहे. १ भाग सिमेंट आणि ३ भाग वाळूचा साधा माल इंचभर खोल खळग्याला पुरेसा आहे. पातळ थरात मात्र तो फसतो: जुनं काँक्रीट त्यातलं पाणी ओढून घेतं, माल आकसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. चार-पाच मिलिमीटरच्या थराला पॉलिमरचा, म्हणजे एसबीआर (एक कृत्रिम रबर) किंवा ॲक्रिलिक यांचं दुधासारखं द्रव, लेटेक्स, घातलेला माल घ्या. घरगुती डागडुजीत मी बहुतेक वेळा हाच निवडेन. तो लवकर आवळतो, म्हणून थोडाथोडाच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन, काँक्रीटपेक्षाही मजबूत, पण उघड्यावरच्या पृष्ठभागाला मी ते सुचवणार नाही. उन्हाने पिवळं पडतं, तापल्यावर काँक्रीटपेक्षा जास्त फुगतं. केसासारख्या बारीक, स्थिर आणि कोरड्या भेगेत पातळ इपॉक्सी मुरवणं, हे त्याचं खरं काम.

बहुतेक डागडुज्या मालापेक्षा तयारीत फसतात. हातोडीने ठोकून पोकळ वाजणारा भाग काढा, कडा छन्नीने उभ्या कापा, तारेच्या ब्रशने धूळ झाडा. सिमेंटच्या मालासाठी जागा आदल्या दिवशी भिजवा, लावताना वर पाणी साचलेलं नको. साध्या मालावर सात दिवस ओलं गोणपाट ठेवा. पॉलिमरच्या मालाला किती पाणी मारायचं, ते पिशवीवर वाचा.

भेगेतून गंजाचे तांबूस ओघळ येत असतील किंवा तिची एक बाजू खाली बसली असेल, तर काहीही भरू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.