तीन महिन्यांचा वर्ग आणि तीन आठवड्यांचे विद्यार्थी

मुंबईच्या पूर्व उपनगरात एक स्वयंसेवी संस्था विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे अठराच्या आत असताना गुन्ह्याचा आरोप झालेल्या किंवा गुन्हा सिद्ध झालेल्या, मुलांसाठी वायरिंगचा तीन महिन्यांचा वर्ग चालवते. या वर्गाच्या अखेरच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मी दोनदा गेलो, मधल्या काळात काही शनिवारी नुसता जाऊन बसलो आणि वर्ग पूर्ण केलेल्या तीन मुलांना माझ्याकडे कामावर घेतले. लालबागला माझा छोटा गाळा आहे आणि गेली बावीस वर्षे मी वीजजोडणीची कामे ठेक्याने घेतो; परीक्षण लिहिण्याची माझी पात्रता एवढीच. संस्थेचे नाव मी देणार नाही, कारण जे खटकले ते तिच्या लोकांना तोंडावर सांगून झाले आहे. मुलांची नावे देण्याचा तर प्रश्नच येत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार ज्यावरून मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, म्हणून मुलांच्या वस्त्या आणि वये मी मुद्दाम मोघम ठेवली आहेत.

आधी चांगले काय ते सांगतो, आणि ते म्हणजे तिथले मास्तर. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ एका कापड गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. शिकवण्याचे कसलेही प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नाही आणि फळ्यावर ते फारसे लिहितही नाहीत. प्रत्येक मुलाला प्लायवूडचा तीन बाय चार फुटांचा एक तुकडा मिळतो, तोच त्याची भिंत आणि तोच त्याचा फळा. पहिल्या परीक्षेत एका मुलाने जिन्याची वायरिंग केली होती, म्हणजे खालच्या बटणाने लावलेला दिवा वरच्या बटणाने बंद करता येईल अशी दोन टू-वे स्विचची जोडणी. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि मुलाने माझ्याकडे हसून पाहिले. मी गुण लिहिण्याच्या बेतात होतो. मास्तरांनी दिवा बंद करायला लावला, बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. मुलाने फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, स्विचमधून नेला होता. बंद दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जिवंत होती. मास्तर एक शब्दही बोलले नाहीत. मुलाने मेन बंद केला, सगळ्या तारा उपसल्या आणि कोणी न सांगता वीस मिनिटांत जोडणी नव्याने केली. माझ्याकडे चार-पाच वर्षे काम केलेले हेल्पर अशा वेळी आधी वाद घालतात.

हत्यारांची व्यवस्था मात्र अशी आहे की पाहताना हसावे की रडावे ते कळेना. प्रत्येक पक्कड, पेचकस आणि टेस्टरवर रंगाने क्रमांक घातला आहे. सकाळी मोजून द्यायचे आणि संध्याकाळी मोजून घ्यायचे. इथवर ठीक, माझ्या गाळ्यातही मी हेच करतो. परंतु धारदार म्हणून वायर स्ट्रिपर आणि कटर चार वाजताच कपाटात बंद होतात आणि वर्ग साडेपाचपर्यंत चालतो. शेवटच्या दीड तासात मुले तारेचे आवरण दाताने सोलतात. मुंबईतल्या कोणत्याही साइटवर ही सवय दिसते आणि ती मोडताना माझ्यासारख्याचे नाकी नऊ येतात. इथे ती रीतसर शिकवली जाते. मी विचारले तेव्हा व्यवस्थापक बाईंनी सुरक्षिततेचे कारण सांगितले. हातोडी आणि छिन्नी साडेपाचपर्यंत बाहेरच होती.

अभ्यासक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. केसिंग-कॅपिंगवर (भिंतीवर ठोकलेल्या झाकणाच्या पट्टीतून तारा नेण्यावर) निम्मा वेळ जातो, फ्यूज म्हणून अजूनही किटकॅट, म्हणजे तार घालायचे जुने चिनी मातीचे फ्यूज, शिकवले जातात, आणि गळतीचा प्रवाह 30 मिलिअँपिअरच्या वर जाताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी मुलांनी केवळ चित्रात पाहिली होती. जुन्या चाळींमध्ये आणि दुकानांमध्ये केसिंग-कॅपिंगची कामे अजून निघतात, हे खरे. पण वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागीसुद्धा टॉवर उभे राहत असताना, स्लॅबमध्ये पाइप कसे टाकतात आणि त्यातून स्प्रिंगने तारा कशा ओढतात हे ज्याला येत नाही, त्याला मोठ्या साइटवर पहिले सहा महिने पाइप उचलण्याचेच काम मिळते. ही उणीव भरून काढणे अवघड नाही. तिला थोडे पैसे आणि एक जुना डीबी (वीज वाटपाची पेटी) पुरेल.

अवघड दुखणे वेगळेच आहे, आणि ते वर्गाच्या वेळापत्रकात आहे. वर्ग तीन महिन्यांचा, मात्र मुले तीन महिने असतातच कुठे? विद्यार्थ्यांत दोन प्रकार आहेत. काही मुले निरीक्षणगृहातून गाडीने येतात. चौकशी चालू असेपर्यंतच तिथला मुक्काम, त्यामुळे जामीन झाला की मूल घरी जाते. कोणी तीन आठवडे राहते, कोणी दोन महिने, आणि ते कोणालाच आधी सांगता येत नाही. दुसरी मुले जामिनावर किंवा परिवीक्षेवर (अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मोकळी) असतात आणि घरून येतात. बाल न्याय मंडळाने गुन्हा सिद्ध झाल्यावर विशेष गृहात पाठवलेल्या मुलाचा मुक्काम जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. तिथे तीन महिन्यांचा वर्ग सहज बसेल, पण ही संस्था विशेष गृहात जात नाही. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मी हजेरीपत्रक चाळले. पहिल्या दिवसाच्या यादीतली बहुतेक नावे मध्येच तुटली होती आणि पुढे लाल शाईत ‘मुक्त’ असा शेरा होता. मुलगा सुटला, ही त्याच्या आईसाठी केवढी आनंदाची गोष्ट. वर्गाच्या दफ्तरी ती गळती म्हणून नोंदली जाते. सुटलेल्या मुलाने घरून येऊन वर्ग पुरा करावा, असे संस्था म्हणते. नालासोपाऱ्याच्या मुलाने लोकलच्या दोन गाड्या बदलून, स्वतःच्या खर्चाने, ज्या लोकांबरोबर आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस काढले त्यांच्यातच रोज येऊन बसावे, ही अपेक्षा कागदावरच बरी दिसते.

या मुलांना धंदा शिकवावा हा विचार मुंबईला नवा नाही. 1850 च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांची मुले कराराने कारागिराच्या हाताखाली देता येत. 1857 साली निघालेले ससून सुधारगृह आज माहीमचे डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल म्हणून ओळखले जाते. पुढे 1924 चा मुंबई बालक अधिनियम आला आणि 1927 मध्ये अशा मुलांची गृहे चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी. त्या काळच्या पद्धतीतले जाच मी विसरत नाही आणि ती परत यावी असेही म्हणत नाही. एवढेच की हात बसायला वर्षे लागतात, ही गोष्ट तेव्हा गृहीत धरलेली होती. आजच्या कायद्यातही तरतुदी कमी नाहीत: कलम 18 नुसार मंडळ मुलाला व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जाण्याचा आदेश देऊ शकते, आणि कलम 53 मध्ये संस्थांनी द्यायच्या सेवांत कौशल्य विकास स्पष्टपणे लिहिलेला आहे. पण कायद्यात ‘प्रशिक्षण’ हा शब्द असला की कोणीतरी तीन महिन्यांचा वर्ग काढतो, उद्घाटनाचा फोटो काढतो आणि मुलाचा मुक्काम किती दिवसांचा आहे हे विचारायचे राहून जाते.

मी मास्तरांना सुचवले ते असे. वर्गाचे तुकडे करावेत, आणि प्रत्येक तुकडा आठवड्यात संपावा: एका आठवड्यात पंखा उतरवून कंडेन्सर बदलून पुन्हा चढवणे, एका आठवड्यात एका खोलीचा स्विचबोर्ड, एका आठवड्यात अर्थिंग, एका आठवड्यात सिरीज बोर्ड (मध्ये दिवा जोडून तपासणी करायचा बोर्ड) करून दोष शोधणे. तीन आठवड्यांत सुटणारा मुलगा मग अर्धवट वायरमन म्हणून बाहेर पडणार नाही. पंखा आणि बोर्ड या दोन कामांत तो पुरा असेल, आणि शेजारच्या चाळीत त्यावर चार पैसे मिळवू शकेल. मास्तरांना हे पटले. ते म्हणाले, “गिरणीत आम्ही असेच शिकलो हो, पण इथे तीन महिन्यांचा आकडा देणगीदाराच्या अर्जात लिहिलेला आहे.”

प्रमाणपत्राबद्दल माझी तक्रार अधिक कडक आहे. सोनेरी किनारीच्या त्या कागदावर संस्थेचे लांबलचक नाव, तिचे ब्रीद आणि त्याखाली ‘निरीक्षणगृह प्रकल्पांतर्गत’ हे शब्द ठळक छापलेले आहेत. कलम 24 प्रमाणे मुलाला गुन्ह्यापोटी कोणतीही अपात्रता चिकटू नये (सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढ म्हणून चालवलेल्या खटल्याचा अपवाद वगळून), आणि कलम 74 प्रमाणे पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी मुलाची जुनी नोंद उघड करू नये. जी गोष्ट सांगायला कायद्याने पोलिसांना मनाई केली, ती संस्थेने चौकटीत लावण्याजोगी करून मुलाच्या हातात दिली. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने झेरॉक्स काढताना वरच्या भागावर कागदाची पट्टी ठेवली होती. पट्टी किंचित तिरकी बसल्यामुळे एका कोपऱ्यात ‘निरी’ एवढी अक्षरे उतरली होती. त्याने ती निळ्या पेनाने गिरवून नक्षीसारखी केली होती. मी काही विचारले नाही, पण संस्थेला लिहून कळवले. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातली (सरकारने ठरवलेल्या कौशल्याच्या पातळ्यांची) परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रामार्फत घेतली तर मुलगा कुठे शिकला यापेक्षा काय शिकला हेच कागदावर येते. नव्या तुकडीपासून ते दोन शब्द निघतील, असे उत्तर मला आले आहे.

आता माझ्याकडच्या तिघांविषयी. अठरा पूर्ण झाल्याखेरीज मी कोणालाही साइटवर घेत नाही, तिघेही त्या पलीकडचे होते. एक जण दोन महिन्यांत सोडून गेला. त्याला मामाच्या टेम्पोवर जास्त पैसे मिळत होते, त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. दुसरा टिकला आहे. त्याची बारा महिन्यांतली नव्वद दिवसांची हजेरी भरली म्हणून मी त्याला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी दाखला दिला. अशा मुलांच्या हाती पडणाऱ्या कागदांत माझ्या मते हा सर्वांत कामाचा, कारण त्यावर फक्त ‘बांधकाम कामगार’ असते. तिसऱ्याच्या बाबतीत मी चुकलो. दर महिन्याला त्याचा एक खाडा पडे आणि कारण एकच, आजी आजारी. तिसऱ्या खेपेला माझा फोरमन म्हणाला, “शेठ, ह्याची आजी महिन्याच्या महिन्याला बरोबर मंगळवारीच कशी आजारी पडते?” मी त्याला सर्वांसमोर झापले आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. पुढच्या सोमवारी तो आला नाही. परिवीक्षा अधिकाऱ्यांकडून नंतर कळले की वय अठरा झाले तरी त्याचे जुने प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच चालू होते आणि मंगळवारी तारीख असे.

संस्थेने मला हे सांगायला हवे होते, असे मी आधी रागाने म्हणालो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की सांगणे योग्य ठरले नसते. पण काहीच न सांगणे आणि सगळेच सांगणे यांच्या मध्ये एक साधी वाट होती: मुलाला कामावर पाठवतानाच, महिन्यातून एक दिवस याला कारण न विचारता सुट्टी द्या, अशी अट मालकाला घालायची. मी ती डोळे झाकून मान्य केली असती. वर्गातही हीच चूक आहे. तिथे तारखेचा दिवस गैरहजेरीत धरतात आणि ठरावीक दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली तर परीक्षेला बसता येत नाही. मंडळापुढे हजर राहिल्याची शिक्षा, असाच त्याचा अर्थ.

वर्ग संपल्यावर पुढे काय, हा कप्पा जवळजवळ रिकामा आहे. कायद्याच्या कलम 46 खाली, संस्थेत राहून अठरा पूर्ण केलेल्या तरुणाला अनुरक्षण सेवा, म्हणजे बाहेर पडल्यानंतरची मदत, मिळू शकते. नियमांप्रमाणे ती एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. वर्गातल्या एकाही मुलाला याची कल्पना नव्हती, आणि भिंतीवर सुविचार भरपूर असले तरी ही माहिती कुठेही नव्हती. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे दोघांना ठाऊक होते. दहावी नापास मुलालाही आयटीआयच्या काही व्यवसायांना प्रवेश मिळू शकतो आणि वायरमन त्यांपैकी एक आहे, हे कोणालाच नव्हते. मुलींसाठी संस्थेकडे मेंदी आणि शिवण एवढेच आहे, आणि वायरिंग का नाही या प्रश्नाला बाईंनी दिलेले उत्तर इथे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही.

तरीही माझ्या ओळखीच्या ठेकेदारांना मी सांगेन की या वर्गातून आलेला मुलगा घ्या, कारण मास्तरांच्या हाताखालून गेलेला मुलगा मेन बंद केल्याशिवाय तारेला हात लावत नाही. पालकांनी मुलाला घालण्यापूर्वी मात्र हजेरीचा नियम आणि प्रमाणपत्राचा नमुना दोन्ही पाहावेत.

नवी तुकडी गणपतीनंतर सुरू होते आहे. पहिला आठवडा फक्त पंख्याचा ठेवून पाहू, असे मास्तर म्हणाले आहेत. मी गाळ्यातून बारा वायर स्ट्रिपर पाठवले आहेत. चार वाजता त्यांचे काय होते ते पहिल्या शनिवारी जाऊन पाहणार आहे.