मानेचं बोटॉक्स: बोटांनी चाचपून की ईएमजी लावून?

मान आपोआप एकीकडे ओढली जाते (सर्व्हायकल डिस्टोनिया) आणि ओढणारे स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यायचं ठरलंय, असं धरून लिहितो. ठाण्यात राहणाऱ्यापुढे मग बहुधा दोन वाटा असतात: घराजवळ बोटांनी स्नायू चाचपून टोचून घ्यायचं, किंवा ईएमजी (स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) वा सोनोग्राफीसाठी लोकलने परळपर्यंत जायचं.

चाचपून घेतलं की काम लवकर आटोपतं, खर्च कमी, रजाही वाचते. दोरीसारख्या ताणलेल्या वरवरच्या स्नायूंना ते पुरतंही. मान उजवीकडे वळत असेल तर बहुतेकदा डावा स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड (कानामागून छातीकडे उतरणारा मानेचा पुढचा स्नायू) आणि उजवा स्प्लेनियस (मानेच्या मागचा) ती ओढत असतात. पहिला चिमटीत येतो. दुसरा बराचसा ट्रॅपेझियस या मान-खांद्यावरच्या मोठ्या स्नायूखाली असतो.

माझं ईएमजीचं ठरलं ते घासामुळे. चाचपून घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात पोळी घशात अडकायला लागली, प्रत्येक घासाला पाणी. पुढच्या स्नायूत दिलेलं औषध घशाच्या स्नायूंपर्यंत पसरलं की असं होतं. म्हणून बोटॉक्स असेल तर स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइडमध्ये एकूण 100 युनिटच्या आत राहतात आणि शक्यतो दोन्ही बाजूंना टोचत नाहीत. तो त्रास ईएमजीनेही होऊ शकतो, पण मला पुन्हा झाला नाही.

चाचपताना फसगत होते ती अशी: मान सरळ ठेवायला धडपडणारा स्नायूही हाताला तितकाच कडक लागतो. ईएमजीत औषधाची सुईच स्नायूचा आवाज ऐकवते. डॉक्टर मान जाईल तिकडे जाऊ द्यायला सांगतात. ओढणारा स्नायू पत्र्यावरच्या पावसासारखा तडतडत राहतो, प्रतिकार करणारा शांत होतो. सुई जास्त वेळ आत राहते, दुखतंही जास्त. सोनोग्राफीत आवाज नाही, पण खोली आणि रक्तवाहिन्या दिसतात. मानेच्या खोल स्नायूंना मला ती अधिक भरवशाची वाटते.

कुठेही घ्या, कुठल्या बाजूच्या कुठल्या स्नायूत किती युनिट, ते कागदावर लिहून मागा. औषधाचं नावही हवंच, कारण डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचे 500 युनिट म्हणजे बोटॉक्सचे 500 नव्हेत. कुपी तुम्हीच विकत आणणार असाल तर 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या डब्यातून न्या. बोटॉक्सच्या 100 युनिटच्या कुपीत 2 मिली सलाइन घातलं तर 0.1 मिलीत 5 युनिट येतात; हा हिशेब समोर करून घ्यायला संकोच नको.

गुण आठवडा-दोन आठवड्यांत जाणवतो. कमी वाटला तरी 12 आठवड्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नका. वारंवार घेतल्याने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन पुढे ते लागूच न पडण्याचा धोका वाढतो. आणि पाणीही गिळता येईना किंवा श्वास अडखळला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.